तिसऱ्या मजल्यावरचा मण्यार

काळा पट्टा, रुंद.

सकाळी सातला बिंदुमाधवांनी हेब्बाळ तळ्यावर फिरायला जाण्यासाठी बुटांकडे हात नेला आणि दुसऱ्या क्षणी ते हातासकट जिन्याच्या वरच्या पायरीवर होते.

दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकमध्ये साप. डोकं उजव्या बुटात, शेपूट डाव्या बुटात. मधला वीतभर भाग तेवढा दिसत होता, काळसर, त्यावर पांढरे पट्टे.

ओरडा ऐकून समोरच्या वसुमतीबाई बाहेर आल्या. कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आपल्या दारात साप यावा म्हणून त्या एवढी वर्षं थांबल्या होत्या म्हटलं तरी चालेल. पाठोपाठ वॉचमन मंजुनाथ काठी घेऊन आला, त्यानं रॅककडे एकदा पाहिलं आणि तो बिंदुमाधवांच्याही वरची पायरी गाठून उभा राहिला.

"मण्यार हाय बघा, म्याडम. आमच्या निपाणीकडं लई असत्यात."

"कवड्या आहे. बिनविषारी. मी सर्पमैत्रिणीला फोन केलाय, फ्लायओव्हरवर अडकलीय. अर्ध्या तासात येईल. तोवर याला मारायचं नाही."

पांढरा पट्टा, बारीक.

कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचे उलट. म्हणजे ओळखायला डोकं हवं, नाहीतर शेपूट. दोन्ही बुटात.

काळा पट्टा.

"खात्री आहे ना, अक्का?" बिंदुमाधवांनी वरूनच विचारलं.

"नव्वद टक्के. मण्यार सहसा इतका वर चढत नाही. कवड्या पालींच्या मागे पाइपावरून कुठंही जातो."

"लिफ्टनं आला असंल," मंजुनाथ म्हणाला.

बाईंना वर्ग मिळाला होता. त्या थांबेनात. "कवड्याजवळ विष नाही, म्हणून त्याच्या अंगावर मण्यारासारखे पट्टे. शिकारी पक्षी, मुंगूस बघतात आणि म्हणतात, नको रे बाबा. जीव वाचवायला एवढंच आहे त्याच्याकडे."

"म्हणजे चावला तरी काही होत नाही?"

"काही नाही."

"सरी, ठीक आहे मग," म्हणत बिंदुमाधव दोन पायऱ्या उतरले. "मंजुनाथ, आण ती काठी इकडे."

पांढरा पट्टा.

आत्तापर्यंत दोघं जिन्यावर होते. धीर कुणी दिला? बाईंनीच. सापाचा मण्यारासारखा अंगरखा त्यांनी भर पॅसेजमध्ये, व्याख्यान देत, उतरवला होता.

काळा पट्टा, अरुंद.

काठी वर गेली.

"थांबा!" वसुमतीबाई वाकल्या, डोळे बारीक केले आणि आयुष्यात पहिल्यांदा शिकवलेलं खोडलं. "चुकले मी. जोडीजोडीचे पट्टे आहेत. मण्यारच हा. चावलेलं कळतसुद्धा नाही माणसाला. पहिला घाव नीट बसला नाही तर... कोण मारतंय पहिला?"

बिंदुमाधवांनी काठी मंजुनाथला दिली. मंजुनाथनं ती परत दिली.

"मालकांचे बूट हायत," तो म्हणाला. "मालकांनीच मारावं."

"वॉचमन तू आहेस की मी?"

"मी गेटचा वॉचमन, साहेब."

काठी पायरीवर पडली. बिंदुमाधवांचं दार आतून बंद झालं, कडी लागली, आतून आणखी एक कडी. मंजुनाथ गेटवर पोचलासुद्धा.

पांढरा पट्टा.

उरलेल्या दहा टक्क्यांसाठी बाईही चार हात लांब सरकल्या.

काळा पट्टा, शेवटचा.

सर्पमैत्रीण प्रणिता हेल्मेटसकट वर आली. तिनं आकड्यानं बूट अलगद कलता केला. डोकं बाहेर आलं, आणि मानेला लागूनच पहिला पांढरा पट्टा. वसुमतीबाईंचा श्वास सुटला.

"अहो, हा तर कव–"

"मण्यार," बाई मोठ्यानं म्हणाल्या.

प्रणितानं बंद दाराकडे पाहिलं. दाराच्या भिंगामागे एक डोळा हलला. "बाप रे," ती त्या भिंगाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "केवढा मण्यार!" आणि पिशवीचं तोंड बांधता बांधता हळूच, "बरं केलंत, बाई. खरं सांगितलेल्या घरी मला बहुतेक मेलेलाच मिळतो."

पिशवी जिन्यानं खाली निघाली. दुसऱ्या मजल्यावर दारं आपटली, मग पहिल्या मजल्यावर. पिशवीत कवड्या वेटोळं घालून निवांत पडला होता.