ओढ्याच्या अलीकडे

फाटकावरच्या रखवालदाराने साखळी काढली खरी, पण हातातून सोडली नाही. हंगाम कधीच संपला, वरच्या मुक्कामाच्या तळावर चिटपाखरू नाही, ओढ्याला पाणी चढलंय, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मग पावसात उभ्या असलेल्या दोन फोर बाय फोर गाड्यांकडे आणि त्यांत एकेकट्या बसलेल्या दोन उतारवयाच्या बायकांकडे बघून म्हणाला, "दोघी एकाच गाडीत मावला असता की."

पुढच्या उंच, करड्या गाडीतली सिस्टर काच खाली करून हसली. सामान फार आहे, म्हणाली. मागच्या जुन्या जीपमध्ये बसलेल्या ब्रेकबाईला ते ऐकू आलं. सामान किती होतं ते तिला ठाऊक होतं, तिनेच ते चढवलं होतं. एकाच गाडीतून जाऊ, असं तिनेही निघण्याआधी सुचवून पाहिलं होतं. त्यावर सिस्टर म्हणाली होती की एक गाडी रुतली तर ओढायला दुसरी हवी. बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की त्यापुढे बोलायला जागाच उरली नाही.

ब्रेकबाई हे नाव शिकाऊ लोकांनी दिलेलं. जन्मभर ती गाडी चालवायला शिकवत आली. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा, आणि शेजारचा माणूस घाबरायच्या आधीच तिचा पाय त्यावर गेलेला असायचा. "अर्ध्या शहराला हिने रस्त्यावर आणलं," असं तिचा भाऊ चारचौघांत म्हणायचा आणि तीच सगळ्यांत आधी हसायची. लग्न राहून गेलं. आईचं करता करता राहिलं, असं नातेवाईक म्हणत. ती तेवढंही म्हणत नसे. आई गेल्यावर घरात ती, रेडिओ आणि भिंतीला टेकवून ठेवलेली आईची खाट, एवढंच उरलं होतं.

सिस्टर तिच्याकडे गाडी शिकायला आली ती नवऱ्यापायी. तो भूमापन कचेरीत नकाशे काढायचा. डोळे इतके अधू की त्याला परवाना मिळणं शक्य नव्हतं, आणि आपण कागदावर काढलेले डोंगर एकदा तरी जवळून बघायचे ही हौस मात्र दांडगी. म्हणून वॉर्डातली ड्यूटी संपवून सिस्टर शिकवणीला येई. हा ताडमाड माणूस मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसायचा. बोलण्याआधी घसा खाकरायची त्याला सवय होती. खाकरायचा आणि म्हणायचा, "पुढे डावीकडे दवाखाना आहे. काही झालं तर सोय आहे." ब्रेकबाई त्याला भाऊजी म्हणू लागली. पुढे सुट्टीच्या दिवशी तिचं दुपारचं जेवण त्या दोघांकडेच, असं न ठरवता ठरून गेलं.

गेल्या हिवाळ्यात तो खुर्चीत बसल्या बसल्या गेला. सिस्टर ड्यूटीवरून आली, त्याला डुलकी लागली आहे असं समजून तिने आवाज न करता चहा केला, आणि कप पुढे धरल्यावर तिला कळलं. ती रडली नाही. निवृत्त होईपर्यंत कामाला एक दिवस दांडी मारली नाही. आणि मग या ओल्या, गारठ्याच्या दिवसांत तिने आपणहून फोन केला. वरच्या तळावर जाऊ या का? भाऊजी असताना ती दोघं नेहमी हंगाम सरल्यावरच जायची, गर्दी नको म्हणून. ब्रेकबाईला बरं वाटलं. सिस्टर मोकळ्या हवेत एकदाची पोटभर रडेल, असं तिने मनाशी धरलं आणि जीप झाडूनपुसून काढली.

रखवालदाराने शेवटी साखळी सोडली. फाटकानंतर डांबर संपलं. दोन्ही बाजूंना काळपट झाडी, मधे चिखलाचा चढ, आणि झाडांच्या शेंड्यांना लोंबत असलेलं धुकं. दोन्ही गाड्यांत भाऊजींनीच हौसेने बसवून घेतलेले वायरलेस सेट होते. माइकचं बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. एकाने दाबून धरलं की दुसऱ्याने नुसतं ऐकायचं.

चढाच्या तोंडाशी सिस्टरचा आवाज आला. "निसरडं आहे गं. सावकाश ये."

ब्रेकबाईने उत्तर द्यायला माइक उचलला, पण पलीकडचं बटण सुटल्याची खट्ट ऐकूच आली नाही. सिस्टरच्या गाडीचं इंजिन, तिच्या छपरावर वाजणारा पाऊस, सगळं जीपमध्ये येत राहिलं. माइक कशाखाली तरी दाबला गेला असणार. वर गेल्यावर सांगू, असं ब्रेकबाई मनात म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "गारठलास ना? हीटर वाढवू?"

मग काही वेळ नुसता पाऊस. मग पुन्हा तिचाच आवाज. "हो, दिसतंय मला ते वळण. अरे, गाडी चालवतंय कोण, तू की मी?" आणि ती हसली. ते हसू ब्रेकबाईने तो गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

तिचा हात सेट बंद करायला पुढे गेला. दुसऱ्याच्या दाराला कान लावल्यासारखं तिला झालं होतं. पण हात बटणापर्यंत जाऊन मागे आला. ती ऐकत राहिली. सिस्टर वेड्यासारखं एकटीच बडबडत नव्हती. ती बोलायची, थांबायची, आणि थांबण्याची लांबी बरोबर भाऊजींच्या बोलण्याएवढी असायची. दरीकडे बघून काही लांबलचक सांगायचं असेल तर लांब, नुसतं हं म्हणायचं असेल तर आखूड. कितीतरी दुपारी ब्रेकबाई त्या दोघांच्या मधे बसून जेवली होती. त्या रिकाम्या जागांत तो काय म्हणत असेल हे तिला आपोआप कळू लागलं. एकदा सेटमधल्या खरखरीत घसा खाकरल्यासारखं काहीतरी झालं. ती खरखरच असेल. तिने हीटर वाढवला तरी बोटं गारच राहिली.

झाडी विरळ झाली. सिस्टर आता ब्रेकबाईबद्दल बोलत होती. "बाईसाठी आले मी, नाहीतर कशाला आले असते? त्या घरात भुतासारखी बसलेली असते. तिला वाटतं मला कळत नाही." मग थांबणं. मग, "हो, तेही खरं. तिला वाटतंय की तीच माझ्यासाठी आली आहे."

ब्रेकबाईला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला हसू आलं.

झाडी संपून माळ लागला, आणि तो उतरताच ओढा दिसला. एरवी चाकाचा टायर भिजण्याएवढं पाणी. आता ते काठाला लागून, तांबूस, मधे मधे फांद्या गरगरवत चाललं होतं. पलीकडच्या काठावर तळाची बंद खोपटी धुक्यात बुडाली होती. सिस्टरची गाडी वेग कमी करील, थांबेल, दोघी उतरून पाणी बघतील, असं ब्रेकबाईला वाटलं. सेटमधून सिस्टरचा आवाज आला. अगदी साधा, घरातल्या घरात बोलावा तसा.

"जाऊ या ना पलीकडे? तू म्हणशील तसं." बराच वेळ पाऊस. "तिला नाही न्यायचं. ती वळेल अलीकडूनच. तिला रस्ता माहीत आहे."

ब्रेकबाईने माइक तोंडाशी धरला, थांब म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. ते कुठेच पोचत नव्हतं. तिने हॉर्नवर हात दाबून धरला, दिवे उघडझाप केले. पुढची गाडी चालतच होती, संथ, ठरवल्यासारखी. तेव्हा तिने जीप वाटेवरून खाली घेतली. गवतात चाकं सटकत होती. करड्या गाडीला बगल देऊन तिने पुढे मुसंडी मारली आणि जीप तिच्या नाकासमोर आडवी घातली. ब्रेक लागले, पण गवताने ते मानले नाहीत. जीप काठावरून घसरली, तोंड खाली करून पाण्यात गेली, एकदा गुरगुरली आणि बंद पडली. दाराच्या फटीतून गार पाणी तिच्या बुटांत शिरलं. मागे वळून पाहिलं तेव्हा करडी गाडी काठावर उभी होती. वायपर हलत होते. काचेमागचा चेहरा दिसत नव्हता.

मग सिस्टर उतरली, आणि उतरली ती नेहमीचीच सिस्टर. तिने ब्रेकबाईला दंडाला धरून बाहेर काढलं, कुठे लागलंय का ते विचारलं, डोळ्यांत बघितलं, नाडी बघितली. पट्टा अडकवून तिनेच जीप काठावर ओढून घेतली. इंजिनात पाणी गेलं होतं. जीप काही बोलेना. आज इथेच राहू, सकाळी एका गाडीतून परत जाऊ आणि खालून माणूस पाठवू, असं दोघींनी मोजक्या शब्दांत ठरवलं. ओढ्याच्या अलीकडे, एका कातळाच्या आडोशाला, वाऱ्याशी झटापट करत त्यांनी तंबू उभा केला. स्टोव्ह पेटेपर्यंत दोघींची बोटं बधिर झाली होती. जीप अशी आडवी का घातलीस, हे सिस्टरने विचारलं नाही. पाणी जास्त वाटलं, एवढंच ब्रेकबाई आपणहून म्हणाली.

अंधार पडायच्या सुमारास सिस्टर पांघरुणं आणायला गाडीकडे गेली. बराच वेळ आली नाही. ब्रेकबाई तंबूच्या दारातून पाहत राहिली. परत आली तेव्हा तिच्या हातात पांघरुणं नव्हती.

"माइक थर्मासच्या पिशवीखाली दाबला गेला होता," ती म्हणाली.

ब्रेकबाईने मान हलवली.

"कुठपासून?"

"चढापासून."

सिस्टर खाली बसली. तिने ओले केस मागे सारले. वाऱ्याने तंबूचं कापड आत-बाहेर होत होतं, कोणी श्वास घेतल्यासारखं. मग ती म्हणाली, "मला कळतं गं, हे काय आहे ते. वॉर्डात अशा बायकांना मी स्वतःच्या हाताने गोळ्या दिल्यात. घरी नाही होत. फक्त गाडीत होतं. गाडीत बसलं की तो असतो."

म्हणूनच दोन गाड्या, हे ब्रेकबाईला आता कळलं. पण तिला दुसरंच विचारायचं होतं, आणि विचारताना आपला आवाज एखाद्या जिवंत माणसाची चौकशी करावी तसा निघाला याचं तिला नवल वाटलं नाही.

"भाऊजी काय म्हणाले? पलीकडे जायचं म्हणून?"

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. असं कोणी विचारील हे तिला अपेक्षित नव्हतं. ती नीट आठवू लागली.

"काहीच नाही," ती म्हणाली. "दिवसभर बोलत होता. ओढा दिसला आणि गप्पच झाला. मी विचारलं, तरी बोलेना. पाणी किती आहे ते मला दिसत होतं, बाई. मी आंधळी नाही. मला वाटलं, आणखी थोडी पुढे गेले की थांब म्हणेल." तिने स्टोव्ह विनाकारण कमी-जास्त केला. "म्हणून चालले होते. नुसतं थांब म्हणायचं होतं त्याने."

पाऊस कमी झाला होता आणि त्यामुळे ओढ्याचा आवाज जवळ आल्यासारखा वाटत होता. ब्रेकबाईने तिचा हात धरला नाही. त्या दोघींत तशी रीत नव्हती. तिने सूप गरम केलं, मोठा कप सिस्टरला दिला. मग म्हणाली, "मी भुतासारखी बसलेली असते काय?"

"असतेस."

"आणि मी इथे आले ती तुला रडवायला."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "पण मला रडू येत नाही गं. मी काय करू?"

सूप संपल्यावर सिस्टर उताणी पडून राहिली, डोळे उघडे ठेवून. कशाचा तरी कानोसा घेत असावी तशी. ब्रेकबाईही तशीच पडून राहिली आणि नको नको म्हणताना तिनेही कान दिला. ओढा होता, वारा होता, कापडावर थेंब होते. तेवढंच होतं.

सकाळी पाऊस थांबला होता, धुकं मात्र जमिनीपर्यंत उतरलं होतं. ओला तंबू घडी करायला दोघींना जड गेला. जीप काठावर तशीच सोडून त्या करड्या गाडीकडे आल्या. ब्रेकबाईने मुकाट्याने मागचं दार उघडलं आणि तंबूच्या बोचक्याशेजारी जागा करू लागली.

सिस्टर स्टीअरिंगमागे बसून समोर बघत होती. तशीच समोर बघत ती म्हणाली, "मागे काय बसतेस? पुढे ये."

ब्रेकबाई थांबली. मग मागचं दार लावून ती पुढे येऊन बसली. ती सीट पार मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसासाठी, आणि पाठही चांगलीच कलती. तिचे पाय अर्ध्यावरच राहिले. आयुष्यभर ती या बाजूच्या सीटवर बसत आली होती, पण इतकी मागे कधी नाही.

गाडी वळली, माळ चढू लागली. सिस्टर कोणाशीच काही बोलत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सीट पुढे घे ना. खाली खटका आहे, डाव्या हाताला."

"राहू दे," ब्रेकबाई म्हणाली. "बरं वाटतंय असं."

सिस्टरने मान हलवली आणि गिअर बदलला. ब्रेकबाई मागे टेकून बसून राहिली. तिथून तिला रस्ता दिसत नव्हता. काचेच्या वरच्या भागात तेवढं पांढरं आभाळ होतं, आणि मधूनच एखाद्या झाडाचा शेंडा येऊन मागे जात होता.