उकळलेल्या तारा

आधीच सांगून ठेवते, माझ्या बेस गिटारच्या तारांना मी सात वर्षं कुणाला हात लावू दिला नव्हता. बदलल्या नव्हत्या, पुसल्याही नव्हत्या. घाम, बोटांचा मळ, हॉटेलातल्या हवेतला तेलकटपणा, सगळं त्या तारांच्या वेढ्यांत जाऊन बसलं होतं आणि त्यातूनच माझा तो आवाज तयार झाला होता. जाड, मऊ, दबका. सूर पडला की जागच्या जागी बसायचा, इकडे तिकडे सांडायचा नाही. लोक विचारायचे, हा आवाज काढता कसा हो? मी नुसती हसायचे. मला भाव खायला आवडतं, उगाच नाही कशाला म्हणू.

त्याच आवाजापायी मला स्टुडिओतून बोलावणं आलं. मी दिवसा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासते आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी एका हॉटेलात वाजवते. तिथे एक संगीतकार जेवायला आला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन! त्याच्या स्टुडिओला बेस वाजवणारं कुणीतरी कायमचं हवं होतं. गुरुवारी या, चार गाणी, चारही वेगळ्या तऱ्हेची, जमलं तर सोमवारपासून रोज. रोज! म्हणजे भिंगांचं यंत्र, ती पांढरी भुकटी, तो खेकसणारा सुपरवायझर, सगळ्यांना एकदमच रामराम. चव्वेचाळिसाव्या वर्षी असा फोन पुन्हा येत नसतो. मी घरभर नाचले आणि स्टुडिओचा पत्ता इतक्यांदा मोठमोठ्याने म्हटला की घरात सगळ्यांना पाठ झाला.

सगळे म्हणजे नवरा आणि सासरे. सासऱ्यांनी छत्तीस वर्षं इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं उकळून निर्जंतुक करायचं काम केलं. उकळत्या पाण्यावर त्यांचा जेवढा विश्वास आहे, तेवढा माणसांवर नाही. आमच्याकडे चमचे उकळतात, कंगवे उकळतात, दाराच्या किल्ल्यासुद्धा उकळतात. नवऱ्याचा चामड्याचा पट्टा असाच एकदा वारला. तेव्हापासून नवऱ्याने मध्ये पडायचं सोडून दिलंय.

गुरुवारी सकाळी मी गिटारची पेटी उचलली तेव्हा सासरे दारात उभे होते, गालातल्या गालात हसत.

"जा, सूनबाई. आज तुझं वाद्य कसं खणखणीत वाजतंय बघ."

मला वाटलं, आशीर्वाद देतायत. मी खूश होऊन निघाले.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना जाड कापड, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि एका बाजूला मोठी काच. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बाई कानाला हेडफोन लावून बसल्या होत्या. ड्रमवर एक टक्कल पडलेला गृहस्थ होता, त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण त्याचा ठेका केसभरही हलत नाही. संगीतकार स्वतः हात मागे बांधून उभा होता.

"चौथं गाणं तुमच्यासाठी राखून ठेवलंय," तो मला म्हणाला. "संथ आहे. फक्त गायिकेचा आवाज आणि तुमचा बेस. त्यात मला तो हॉटेलातला आवाज हवाय."

मी ऐटीत गिटार काढली, वायर जोडली आणि जाड तार छेडली.

ठण्णण्ण!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हा कुणाचा आवाज? पितळेची घंटा वाजवल्यासारखा लख्ख, धारदार, खोलीभर पसरणारा! दुसरी तार छेडली. तीही तशीच. तारांवरून बोट फिरवलं तर बोट कोरडं आणि स्वच्छ. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. दोन मिनिटं मागून घेतली, बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले आणि घरी फोन लावला.

"बाबा, माझ्या गिटारला हात लावलात?"

"लावला की!" अभिमान नुसता उतू जात होता. "काल तू कामावर होतीस तेव्हा. चारही तारा काढल्या, वीस मिनिटं खळखळ उकळल्या, फडक्यावर कोरड्या केल्या आणि जिची तिला खुंटी. क्रम चुकवला नाही हो! पण पाणी काय काळं झालं, अगं, मी घाबरलोच. आणि तू रोज त्याच्यावर बोटं ठेवतेस?"

"सात वर्षं, बाबा! सात वर्षांचा आवाज तुम्ही मोरीत ओतलात! आज माझं सगळं ठरणार होतं, आणि तुम्ही... कुणी सांगितले होते तुम्हाला हे नसते उद्योग?"

मग हळूच विचारलं त्यांनी, "परत मळवता येतील का गं?"

मी फोन ठेवून दिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि आत घड्याळ काठ्या आपटून मला बोलावत होता.

पहिलं गाणं रॉक. धावतं, दणकट. मी बोटांऐवजी प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची ती प्लास्टिकची छोटी चकती, हातात घेतला आणि जे होईल ते होईल म्हणून सुटले. आणि काय सांगू! त्या उकळलेल्या तारांनी आग लावली. एरवी ड्रमच्या गदारोळात माझे सूर बुडून जायचे, आज एकेक सूर कडकडत वर येत होता. ठेक्याच्या किंचित पुढे राहायचं, गाणं फरफटत न्यायचं, असा तो प्रकार. घड्याळाने भुवया उंचावल्या. एका टेकमध्ये काम फत्ते.

दुसरं फंक. इथे अंगठ्याने तार ठोकायची आणि तर्जनीने उपटायची, आणि दोन सुरांमधली शांतता सुरांइतकीच मोजून वाजवायची. जुन्या तारांवर हे मी कधी करतच नसे, कारण नुसतं थप थप ऐकू यायचं. आज अंगठा पडला आणि ठाक! उपटली आणि टणत्! मला हसूच फुटलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बाई खुर्चीत बसल्या बसल्या डोलायला लागल्या. वाजवता वाजवता मी जोरात ओरडलेसुद्धा, आणि ते ओरडणं त्यांनी गाण्यात ठेवलंय.

तिसरं रेगे. इथे मात्र सगळं उलटं. सूर गोल हवा, आखूड हवा, पोटात बसणारा हवा, आणि ठेका असा आळसावलेला की माणूस आरामखुर्चीतून उठायला तयार नाही. चकाकणाऱ्या तारा इथे काय कामाच्या? मी टोनचं बटण पूर्ण बंद केलं, पॅसेजमधल्या बेसिनवरचा नवा स्पंज मागून घेतला आणि तारांच्या खाली, टोकाशी कोंबला. अंगठ्याच्या मांसल बाजूने हळू वाजवलं. धुम्म, धुम्म. जमलं! स्पंज बघून संगीतकार खो खो हसला. माझा जीव भांड्यात पडला.

मग आलं चौथं. गायिका येऊन माईकसमोर उभी राहिली.

त्यात स्पंज चालेना. सूर लांब हवे होते, गायिकेचा श्वास संपेपर्यंत टिकणारे. स्पंज काढला, टोनचं बटण अर्धं बंद ठेवलं, गिटारच्या मानेजवळ मऊ बोटाने छेडलं. सूर छानच आला. पण दुसऱ्या सुरावर जाताना बोट तारेवरून सरकलं आणि किर्रर्र! पुढे परत किर्रर्र. एका ठिकाणी बोट पडद्यावर नीट दाबलं गेलं नाही, तर तार खडखडली.

"पुन्हा घेऊ," काचेपलीकडून आवाज आला.

पुन्हा घेतलं. पाच ठिकाणी किर्र, दोन ठिकाणी खडखड. रेकॉर्डिस्ट बाईंनी ते मला ऐकवलं. हॉटेलात सात वर्षं मी अशीच संथ गाणी या असल्याच बोटांनी वाजवत होते. फक्त मळलेल्या तारा ते कुणाला ऐकू येऊ देत नव्हत्या, मलाही नाही. मी ज्याला माझा आवाज म्हणून मिरवत होते, त्यात निम्मी माझ्या डाव्या हाताची आळशीगिरी लपलेली होती. कानशिलं तापली माझी. लाज वाटली, आणि ती लाज वाटते आहे याचाच भयंकर राग आला.

संगीतकार चहा घ्यायला उठला. "दहा मिनिटं," म्हणाला. आवाज थंड होता. सोमवार हातातून जात होता, अगदी डोळ्यांदेखत.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"अगं, तारांना थोडं खोबरेल चोळलं तर?"

"तेल नको, बाबा, काहीच नको! बोट सरकलं की तार किंचाळते. ऐका!" मी रागारागाने फोन मांडीवर ठेवून त्यांना ऐकवलं. किर्रर्र.

"ओढतेस तू," ते म्हणाले.

"काय?"

"बोट ओढतेस. नवीन माणसं ट्रेमध्ये चिमटे असेच सरकवायची. शांत खोलीत किर्र झालं की सर्जन खवळायचे. मी प्रत्येकाला सांगायचो, आधी पूर्ण उचल, मग ने, मग ठेव. घाई वाटली तरी उचल. अर्धवट उचललेलंच वाजतं."

"बाबा, हे चिमटे नाहीयेत. हा बेस आहे!"

"बरं बरं. राहिलं," म्हणाले बिचारे.

फोन ठेवला आणि करून पाहिलं. उचल, ने, ठेव. किर्र नाही. परत. नाहीच! नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. उरलेली आठ मिनिटं मी कोपऱ्यात तोंड करून तेवढंच घोटलं. बोट उचलायला वेळ लागतो, म्हणून पुढचा सूर किंचित उशिरा पडायचा. आणि गंमत म्हणजे त्या गाण्याला तेच हवं होतं! ठेक्याच्या अगदी जरासं मागे, आरामात, जणू सूर यायच्या आधी बसायला जागा शोधतोय.

"घ्या," मी म्हटलं.

गायिकेने सुरुवात केली. मी एकेक सूर शेवटपर्यंत धरून ठेवला, उचलला, नेला, ठेवला. लख्ख तारेवर मऊ बोट पडत होतं, आणि सूर असा भरून येत होता की माझ्याच छातीत त्याची थरथर जाणवत होती. असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणीही हललं नाही. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण माईक चालू होते.

संगीतकार आत आला.

"हा हॉटेलातला आवाज नाही."

"नाही," मी म्हटलं.

"तो कुठे गेला?"

खोटं बोलायचं त्राणच नव्हतं. "सासऱ्यांनी उकळला."

घड्याळ ड्रमवर आडवा पडून हसला. संगीतकार हसला नाही. "त्या आवाजात तुम्ही खरं काय वाजवता, ते मला कळत नव्हतं," तो म्हणाला. "आज कळलं. सोमवारी दहाला या. उशीर चालत नाही."

चार वाजता मी बाहेर आले. पाय जमिनीवर नव्हते. घरी फोन लावणार, तोच समोर पायरीवर सासरे बसलेले दिसले. घामाघूम. हातात एक कागदी पिशवी, अंगापासून लांब धरलेली.

मला बघून ते घाईने उठले. "वाद्यं दुरुस्त करतात ना, त्या दुकानात गेलो होतो. काढलेल्या जुन्या तारा ते पिंपात टाकतात. सगळं पिंप उपसलं. चारही जाडीच्या मिळाल्या, आणि एक तर इतकी घाण आहे की काय सांगू!" त्यांची बोटं काळीकुट्ट झाली होती, नखांपर्यंत. त्या माणसाच्या नखांत मी वीस वर्षांत कधी मळ बघितला नव्हता. त्यांनी पिशवी माझ्यापुढे केली. "घे. एकही धुतलेली नाही. हातसुद्धा नाही धुतले मी."

मी बोलायला कधी मागे राहणारी बाई नाही. पण सोमवारपासून मला रोज यायचंय, एवढं त्यांना सांगायला मला पूर्ण एक मिनिट लागलं.