वस्तरा नुकताच फिरलेला आरोपी

दमास्कसच्या तळघरातल्या छळाचा खटला जर्मनीत कसा चालतो, हे वकिलाने मुंजिदला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. काही गुन्हे इतके मोठे असतात की ते कुठल्याही देशाचे होतात, म्हणाला. मुंजिदला एवढंच कळलं, की त्याच्या देशात कोणाचाच नसलेला गुन्हा इथे सगळ्यांचा होता.

आज त्याने एकच सांगायचं होतं : समोर बसलेला वस्फी हाच तो छळ करणारा अधिकारी का? त्या तळघरात मुंजिद कैदी होता; त्याचा भाऊ अनस तिथेच मेला होता. मुंजिदच्या डोळ्यांवर मात्र सदैव पट्टी. चेहरा कधी पाहिला नाही. आवाज तेवढा ओळखला असता. आणि इथल्या कायद्याने आरोपीला गप्प बसायचा हक्क होता. वस्फी तो सकाळपासून मन लावून बजावत होता.

“यांना ओळखता?” न्यायाधीशबाईंचा प्रश्न दुभाषी लमीसने अरबीत केला.

मुंजिदने निरखून पाहिलं. माणूस पेपरातल्या फोटोसारखा दिसत होता. पण फोटो त्याचाच असल्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. कोर्टासाठी हजामत करून आला होता. मानेवर वस्तरा नुकताच फिरलेला.

“नईमन,” मुंजिदच्या तोंडून निघून गेलं.

हजामत किंवा अंघोळ करून आलेल्याला असं, म्हणजे ‘सुखाचं होवो’, म्हटल्यावाचून सीरियात कोणी सोडत नाही, मग तो सासरा असो की वैरी. आणि उत्तर दिल्यावाचून कोणी राहत नाही.

“अल्ला तुमचंही भलं करो, भाऊ,” वस्फी म्हणाला. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

मग हा जबाब की शिष्टाचार, यावर बराच वेळ वाद झाला. लमीसला जर्मन शब्द सापडेना. जर्मन लोक एकमेकांच्या हजामतीबद्दल काही बोलत नाहीत.

मुंजिद मात्र पुरता गोंधळला. आवाज ऐकला, पण तो मवाळ, जरा सर्दी झालेला, एखाद्या चुलत्यासारखा. तळघरात अंगावर गार पाणी ओतून तो अधिकारीच “नईमन” म्हणायचा. उत्तर कैद्यांनी द्यायचं. उत्तर देताना त्या अधिकाऱ्याचा आवाज कसा असतो, हे मुंजिदने कधी ऐकलंच नव्हतं.

बाईंनी पुन्हा विचारलं. प्रेक्षकांत बसलेली त्याची बायको हाला मान हलवत होती : हो म्हण.

“माहीत नाही,” मुंजिद म्हणाला. “त्यांना जरा ओरडायला सांगता येईल का?”

सांगता येत नव्हतं. वस्फीच्या वकिलाने साक्षीदाराचे आभार मानले.

बाहेर आल्यावर हाला म्हणाली, “एवढ्या लांब येऊन अनसच्या खुन्याला दुवा देऊन आलास.”

“त्या तळघरात जे विचारलं त्याला मी हो म्हणत गेलो, हाला. जे पुढ्यात ठेवलं त्यावर सही केली. माहीत नाही म्हणायची सोय नव्हती.”

“आणि हा तोच असला तर?”

मुंजिदला तेही माहीत नव्हतं.