मोठीने लावलेलं वळण

सासऱ्यांनी "घरातल्या घरात, गमतीची शर्यत" असं जाहीर केलं तेव्हा मोठ्या सुनेने मान डोलावली खरी, पण गंमत कसली आणि काय! घरचं गॅरेज एक, आणि येत्या हंगामात गॅरेजच्या नावाने गाडी पळवायला जाणारी सूनही एकच. आजवर ती मोठी होती. आता धाकटी सून आली होती, आणि अलीकडे धाकटीची नवी लाल टर्बो गाडीही.

धाकटीला शिकवलं मोठीनेच. लग्न होऊन आली तेव्हा गिअर बदलताना ती आपल्याच हाताकडे बघायची. मोठीने तिला दटावून, प्रसंगी हातावर चापट मारून वळण लावलं. "ताई म्हणतील तसं," हे धाकटीचं पालुपद. मोठीला ते फार गोड वाटायचं. अर्थात, धाकटी आपल्या मागे होती तोवरच.

मग टर्बो आली आणि सगळं गॅरेज तिच्याभोवती गोळा झालं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती गाडी शिट्टी मारल्यासारखी फुस्स करायची, आणि त्या आवाजावर मोठीचा सख्खा नवरासुद्धा लट्टू. "ऐकलंस का?" तो जेवताना विचारायचा.

"शिट्टी कुकरचीही होते," मोठी म्हणाली. "म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही." त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं होतं, पण बोलायची कुणाची हिंमत झाली नाही.

तिची स्वतःची गाडी पांढरी, जुनी, टर्बोबिर्बो काही नसलेली. आपली हवा आपण ओढायची आणि पाय दिला की त्याच क्षणी पळायचं, एवढाच तिचा स्वभाव. टर्बोचं तसं नव्हतं. तिच्यात एक पंखा इंजिनात हवा कोंबायचा, आणि तो नीट फिरू लागेपर्यंत गाडी क्षणभर ढिम्म. मग एकदम सुसाट. म्हणून टर्बोवाल्याने वळणाच्या मध्यावरच पाय द्यायचा असतो, म्हणजे बाहेर पडताना जोर हजर असतो. हे मोठीला पक्कं ठाऊक होतं.

शर्यतीच्या सकाळी ट्रॅकवर मोठी टायरची हवा तपासत वाकली होती, तेव्हा धाकटी हेल्मेट काखेत मारून आली.

"ताई, ही वळणावर काही हाताला लागत नाही हो. हे म्हणतात, पाय लवकर दे. मी म्हटलं, तुमचं राहू द्या, ताईंना विचारते. कधी देऊ?"

मोठीने मान वर केली. पलीकडे तिचा नवरा लाल गाडीचं बॉनेट पुसत होता. स्वतःच्या शर्टाच्या बाहीने! तिच्या गाडीची काच सकाळपासून धुळीने माखलेली होती, ती त्याला दिसली नव्हती. मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वळण पूर्ण संपू दे," ती म्हणाली. "चाकं सरळ झाली की मगच पाय दे. घाई करू नकोस."

"तरी मी ह्यांना म्हणत होते!" धाकटी खुशीत निघून गेली.

हे काही अगदीच खोटं नाही, मोठीने मनाची समजूत घातली. पहिल्या दिवशी तिने धाकटीला हेच तर शिकवलं होतं.

सासऱ्यांनी रुमाल खाली केला. सरळ रस्त्यावर लाल गाडी अशी पुढे गेली की मोठीच्या तोंडून शिवी निघाली. पण पहिल्या वळणातून बाहेर पडताना लाल गाडी गप्प झाली आणि पांढरी शेजारून निघून गेली. मग तोच खेळ चालला, सरळ रस्त्यावर लाल पुढे, वळणावर पांढरी पुढे. मोठी आरशात बघायची तर प्रत्येक वेळी धाकटी चाकं सरळ होईपर्यंत इमानेइतबारे थांबलेली. एकदा तरी चुकून लवकर पाय दे ना गं, असंही मोठीच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच तिने पाय आणखी दाबला. शेवटचं वळण अंतिम रेषेला लागूनच होतं. मोठी जिंकली.

धाकटीने येऊन तिला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते. "ताई, तुम्ही सांगितलं तस्संच केलं. माझाच पाय कच्चा. मला नाही झेपायची ही गाडी, विकून टाकते."

सासऱ्यांचा कान इंजिनाला सरावलेला. "गाडी वळणावर गप्प का होत होती गं? पाय कधी देतेस?"

"वळण संपल्यावर, बाबा. ताईंनीच सांगितलं."

सासऱ्यांनी मोठीकडे पाहिलं. ती हातमोजे काढत होती, पण एक बोट काही केल्या निघेना.

"हिने सांगितलं ना? मग बरोबरच असेल," ते म्हणाले. "यंदाही मोठीच जाईल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मोठीला बरं वाटलं असतं.

"ताई, विकायच्या आधी एक फेरी शेजारी बसता?" धाकटीने डोळे पुसले. "माझं चुकतं कुठे, ते तरी कळू दे."

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मोठी लाल गाडीत पहिल्यांदाच बसली. सीट छान होती, तिने पाठ अशी धरून ठेवली की मोठीला पुन्हा एकदा हेवा वाटला. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं ठरवून तिने हाताची घडी घातली.

पहिल्या वळणाच्या मध्यावर खाली धप्पकन आवाज झाला. मोठीचा उजवा पाय, तिला न विचारता, समोरच्या रिकाम्या जागेत दाबला गेला होता. जुन्या गाडीतही ती स्वतः वळणातच पाय द्यायची; इतक्या वर्षांची सवय ती. पुढच्या वळणावर तिने तो आवरायचा प्रयत्न केला, तरी पुन्हा धप्प. धाकटीची नजर क्षणभर खाली जाऊन आली.

तिसऱ्या वळणावर मोठीचा पाय खाली गेला आणि त्याच्याबरोबर धाकटीचाही. पंखा वेळेत जागा झाला. लाल गाडी वळणातून अशी बाहेर पडली की दोघींची डोकी मागे आपटली.

धाकटीने गाडी हळूहळू कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"तुमचा पाय तर वळणातच जातो," ती म्हणाली. या वेळी 'ताई' म्हणाली नाही.

मोठीने पाय सीटखाली ओढून घेतला.