मी बिघडलो नव्हतो

मी बत्तीस इंची टीव्ही बोलतोय. एचडी रेडी म्हणतात तसला, म्हणजे दुकानात सगळ्यात खालच्या रांगेत, टेबलफॅनच्या खोक्यांना लागून उभा असतो तो. वरच्या रांगेतले मोठे टीव्ही दिवसभर निळा समुद्र नि रंगीत पोपट दाखवत राहायचे. गिऱ्हाईक आधी त्यांच्यापुढे थांबायचं, किंमत विचारायचं आणि मग हळूच नजर खाली आणायचं. आमच्यासारख्यांकडे कुणी सरळ येत नाही, उतरत उतरत येतात.

मालन सरळ आली.

बोरिवलीचं ते दुकान. तिच्याबरोबर मुलगा सुयोग, सून श्वेता आणि दुसरीतली नात प्रांजल. मालन मूळची कणकवलीकडची. नवरा गिरणीत होता, तो आता हयात नव्हता. दहिसरच्या त्यांच्या चाळीच्या जागी इमारत उभी राहिली होती आणि सातव्या मजल्यावरच्या नव्या घराला नवा टीव्ही हवा होता. सुयोगला मोठा घ्यायचा होता, हप्त्यांवर. श्वेताचं म्हणणं, कुठलाही घ्या पण लवकर घ्या, प्रांजलला भूक लागलीय.

मालनने निलेश नावाच्या सेल्समनला आधी माझा भगभगाट कमी करायला लावला. दुकानात मुद्दाम भडक करून ठेवतात आणि घरी नेल्यावर माणसं काविळीची दिसतात, हे तिने शेजारणीकडे पाहिलं होतं. मग बातम्या लावायला सांगितल्या. दुकानाच्या दारापर्यंत मागे गेली आणि तिथून माझ्या पायथ्याशी सरकणारी पट्टी मोठ्याने वाचून दाखवली. नंतर अगदी बाजूला, तिरकी जाऊन उभी राहिली. ओट्यापाशी उभं राहून टीव्ही असाच दिसणार, म्हणाली. तिथूनही चेहरे काळे पडले नाहीत.

सुयोग कुरकुरला, की हा फुल एचडीसुद्धा नाही. निलेशने प्रामाणिकपणे सांगितलं, की एवढ्या खोलीत, एवढ्या अंतरावरून फरक कळायचा नाही.

"दिवसभर बघणार कोण? मी ना? मग हाच द्या," मालन म्हणाली.

मला तोवर कुणी 'हाच' म्हटलं नव्हतं.

त्या घरात मी सुखात होतो. सकाळी सुयोग आणि श्वेता कामाला गेले, की घर माझं आणि मालनचं. प्रांजलला शाळेत सोडून आली, की ती मला लावायची आणि ओट्याकडून माझ्याशी बोलायची. मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायची, बातम्यांतल्या पुढाऱ्याला त्याहून जास्त. दुपारी पदराने माझी काच पुसायची. कुणी पाहुणा म्हणाला, की टीव्ही लहान आहे हो, तर लगेच सांगायची, लहान असेल, पण नाकडोळे बघा कसे कोरीव दिसतात. सुयोगचे मित्र मला 'आईचा टीव्ही' म्हणून हसायचे. मला ते नाव आवडायचं.

मग मालन माझ्या जवळ सरकू लागली.

आधी पलंगावरून खुर्चीवर आली. खुर्ची पुढे आली. मग खुर्चीही गेली आणि स्टूल आलं. बातम्यांची पट्टी ती आता प्रांजलकडून वाचून घ्यायची. तुझं वाचन सुधारतंय, म्हणायची. पोरीला तो खेळ वाटे. माझा उजेड तिने एवढा वाढवला, की दुकानातला तो भगभगाट बरा.

एका दुपारी घरात कुणी नसताना ती माझ्यापुढे उभी राहिली आणि तिने तळव्याने एक डोळा झाकला. माझ्याकडे पाहिलं. मग दुसरा झाकला. तशीच थांबली. डोळ्यावरचा हात काढला, परत ठेवला. मग मला बंद केलं आणि काळ्या पडद्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिली.

मला वाटलं, आज ही सुयोगला सांगणार.

संध्याकाळी श्वेताने सहज विचारलं, की आई, एवढं जवळून का बघताय. मालन पटकन म्हणाली, "टीव्हीच बिघडलाय गं. चेहरे पुसट येतात."

श्वेताने बघितलं. तिला तर बरा दिसत होता. पण मालनचं उत्तर तयार होतं. तुम्ही बघता कधी, दोघंही मोबाईलात, हा दुपारी जातो नि संध्याकाळी शहाण्यासारखा वागतो. मेकॅनिक आला, त्याने माझी पाठ उघडली, पुन्हा लावली, काही दोष नाही म्हणून गेला. मालनने त्यालाच अडाणी ठरवलं.

ती खोटं का बोलतेय ते मला कळत होतं. शेजारच्या नलिनीकाकूंना दिसेनासं झालं, तेव्हा मुलाने त्यांना गावी धाकट्या दिराकडे पोचवलं होतं. प्रांजल पाळणाघरात जाईल आणि आपण गावच्या पडवीत बसू, ही धास्ती मालनने घेतली होती. कारण कळलं म्हणून लागायचं ते थोडंच थांबतं? जिने मला अख्ख्या दुकानासमोर निवडलं, तीच आता येईल त्याला सांगत होती, की स्वस्तातलं घेतलं नि वाट लागली.

सुयोग तर वाटच पाहत होता. दसऱ्याला भिंत भरेल असा टीव्ही आला. मला खाली उतरवताना मालन ओट्याकडे तोंड करून उभी होती. "डोक्याला ताप झाला होता नुसता," एवढंच म्हणाली.

दुकानदाराने मला बदलीत घेतलं नाही. म्हणून सुयोगने सोसायटीला देऊन टाकलं. गेटवरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये मला टांगलं आणि कॅमेऱ्यांना जोडलं. तेव्हापासून माझ्या अंगावर चार चौकोन असतात. गेट, लिफ्ट, पार्किंग आणि बाहेरचा रस्ता. ना आवाज, ना गाणं. रोज दुपारी गेटच्या चौकोनात मालन दिसायची, प्रांजलचा हात धरून, भिंतीच्या कडेकडेने चालणारी. एक पाऊल चाचपून मग दुसरं टाकायची. केबिनमध्ये कुणाच्याही ते लक्षात यायचं नाही. चार चौकोन कोण बघत बसतो?

आणि मग ते झालं. एक टेम्पो सामान उतरवून गेटमधून मागे येत होता. हळू येत होता, भोंगा वाजवत, पण रस्त्यावरच्या गोंगाटात तो तिला वेगळा कळला नसावा. मालन डावीकडून येणाऱ्या त्या धुडाकडे न बघता तशीच पुढे गेली. प्रांजलने तिला मागे ओढलं, पण ओढताना स्वतः पुढे आली. टेम्पोच्या कोपऱ्याने पोरीला उडवलं. तिचा हात मोडला.

माणसं धावली. टेम्पोवाल्याला खाली खेचलं, दोन ठेवून दिल्या. मालन रडत सांगत होती, की हा आंधळ्यासारखा अंगावर आला.

प्रांजलला प्लास्टर घालून, तिला घरी आलेल्या मामीपाशी बसवून सुयोग आणि श्वेता थेट केबिनमध्ये आले. मालन मागोमाग होतीच. टेम्पोवाल्याला अजून गेटपाशी बसवून ठेवलं होतं. सेक्रेटरी देवदत्त म्हणाले, की रेकॉर्डिंग काढू आणि घेऊन जाऊ पोलिसांत. मालन सारखी म्हणत होती, की जाऊ दे, पोरगी वाचली ना, मिटव आता. सुयोग ऐकत नव्हता. याला सोडणार नाही, म्हणाला.

त्यांनी माझ्यावर गेटचा चौकोन मोठा करून लावला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण खरंच बिघडावं. तारा निसटाव्यात, पडदा जळावा. पण मला लपवता येत नाही. जे येतं ते मी दाखवतो.

टेम्पो दिसला. मागचे लाल दिवे दिसले. हात बाहेर काढून लोकांना बाजूला व्हायला सांगणारा टेम्पोवाला दिसला. आणि शांतपणे, सरळ, त्या टेम्पोच्या वाटेत चालत गेलेली मालन दिसली.

देवदत्तांनी परत लावलं. परत तेच.

"सुयोग, त्यांना दिसलंच नाही रे," श्वेता म्हणाली.

सुयोग माझ्याकडे बघत होता. तारखेच्या आकड्यांकडे, टेम्पोच्या नंबरकडे, आईच्या चेहऱ्याकडे. मग त्याने मला ओळखलं. "हा आपलाच टीव्ही ना?" तो म्हणाला. "याच्यावर तर सगळं स्वच्छ दिसतंय, आई."

मालन खुर्चीत बसली होती. पदर तोंडाशी धरून, गावच्या बोलीत, अगदी हळू म्हणाली, "टेम्पो माका दिसलोच नाय."

सुयोग तिच्याकडे वळला. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर पोरगी माझ्या हातात दिली असतीस?"

बाहेर जाऊन सुयोगने टेम्पोवाल्याचे हात धरले. तो माणूस गाडीत बसून निघून गेला.

पुढचं मला केबिनमधल्या गप्पांतून कळलं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. लवकर आल्या असत्या तर, असंही म्हणाले. प्रांजल आता स्कूलबसने जाते. मालनला गावी कुणी पाठवलं नाही. ती ज्याची धास्ती घेऊन बसली होती, ते कुणाच्या मनातही नव्हतं. सुयोग तिच्याशी कामापुरतं बोलतो. त्याच्या मनातला सल मला कळतो. आम्ही दोघेही तिच्यावर विसंबलेले होतो.

दवाखान्यात जाताना ती माझ्या चौकोनातून जाते. श्वेता तिच्या डाव्या बाजूने चालते. मालन केबिनकडे कधी वळत नाही. मला तिने बदनाम केलं, ते मी विसरलेलो नाही. पण मला जास्त डाचते ती दुपार, जेव्हा तिने एकेक डोळा झाकून पाहिला आणि ते बघायला घरात फक्त मी होतो.

म्हणून तुम्हाला एक सांगतो. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस टीव्ही बिघडला म्हणून तक्रार करू लागलं, तर मेकॅनिकला फोन करायची घाई करू नका. मोबाईल बाजूला ठेवा, त्यांच्या शेजारी येऊन बसा, आणि विचारा, आत्ता पडद्यावर काय चाललंय ते मला सांग.