जिन्यावरचे गव्हर्नर

नील्सने जिन्याच्या भिंतीवरची तसबीर सरळ केली आणि मागे न बघता विचारलं,

"दिसतंय ना तिथून?"

"दिसतंय," उत्तरा म्हणाली.

नील्स तिचा होणारा व्याही. त्याच्या एरिकचं आणि तिच्या उर्वीचं लग्न येत्या जूनमध्ये व्हायचं होतं. नेपरव्हिलच्या या घरी उत्तरा पहिल्यांदाच आली होती, आणि एकटी. तिचा नवरा अरुण ऑक्टोबरमध्ये वारला होता. तेव्हापासून लोक बोलत ते तिला ऐकू येई, समजेही. त्यापुढे काही होत नसे.

नील्सचे आजोबा स्वीडनमधल्या एका जिल्ह्याच्या गव्हर्नरकडे घोडे सांभाळायचे. त्या जिल्ह्याच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं नील्सने आयुष्यभर जमवली होती आणि पहिल्यापासून क्रमाने जिन्यावर टांगली होती.

"हा दाढीवाला. दुष्काळात याने धान्याची कोठारं उघडली, राजाला न विचारता. पद गेलं बिचाऱ्याचं."

तो हळूहळू वर चढत गेला. युद्ध, रेल्वे, एकाचं बायकोच्या हट्टापायी बांधलेलं काचघर. मग एका तुळतुळीत दाढी केलेल्या चेहऱ्यापाशी तो थांबला.

"आणि हा. दुष्काळात याने धान्याची कोठारं उघडली, राजाला न विचारता. पद गेलं बिचाऱ्याचं."

तेच शब्द, तसाच हात हलवणं. उत्तराने उभी हयात म्हाताऱ्या माणसांना तपासण्यात घालवली होती. तिने खाली पाहिलं. जिन्याच्या तळाशी नील्सची बायको कारीन उभी होती आणि ती नील्सकडे नाही, उत्तराकडे बघत होती.

"कॉफी ओतायला जरा मदत करता?" कारीन म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने कप मांडले, पण कॉफी ओतली नाही.

"तुम्ही डॉक्टर आहात. तुमच्या लक्षात आलं असेल."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. त्याला स्वतःला कळलेलं नाही. लग्न होईपर्यंत राहू दे असंच. मुलांनाही नको सांगायला."

उत्तराने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, तिचं तिलाच कळलं नाही.

ती परत वर गेली तेव्हा नील्स शेवटच्या पायरीवर बसला होता.

"डॉक्टर, किती चुकलो मी?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"एकदा. दुष्काळ दोघांना दिलात."

"एकदाच?" तो म्हणाला. "तुम्ही आज येणार म्हणून मुद्दाम सगळे गव्हर्नर सांगितले. कोणाला तरी विचारायचंच होतं. कारीनला यातलं काही माहीत नाही. तिला सांगू नका, ती खचेल."

सप्टेंबरमध्ये अरुणचे रिपोर्ट आले तेव्हा त्याने ते न उघडता तिच्या हातात दिले होते. तिने वाचले आणि तिच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळलं. तरी शेवटपर्यंत दोघं दिवाळीला पुण्याला जायच्या तिकिटांबद्दलच बोलत राहिले. खिडकीची सीट कोणी घ्यायची, यावरून एकदा भांडलेही.

"कारीन," उत्तराने खाली हाक मारली. "जरा वर येता?"

"नको," नील्स पुटपुटला. पण तो उठला नाही.

कारीन हात पुसत वर आली. नवऱ्याचा चेहरा पाहून मधल्याच पायरीवर थांबली.

"तुम्हा दोघांनाही माहीत आहे," उत्तरा म्हणाली. "मी खाली बसते."

कारीनला वाट द्यायला ती भिंतीला टेकली आणि मग कठडा धरून खाली उतरली. वरून कारीनचा आवाज आला, मग नील्सचा.

बाहेर एरिक गाडीवरचा बर्फ खरवडत होता. उर्वी बूट आपटत आत आली.

"आई, कार गरम केलीये. निघू या? ते दोघं कुठेत?"

"वर. बोलतायत."

"एव्हरीथिंग ओके?"

उत्तराने शेजारची खुर्ची ओढली.

"कोट काढ. बस जरा," ती म्हणाली. "बाबांचं शेवटी काय झालं, ते मी तुला नीट सांगितलंच नाही."