दाबमास्तर

गॉजच्या घडीवर लाल ठिपका उमटला, मोहरीएवढा, आणि तिथंच थांबला... वाढतोय की काय म्हणून तो टक लावून बघत राहिला. नाही, वाढत नव्हता. बोटं नीट बसली होती — कातडीवरच्या भोकाच्या जराशी वर, कारण आतल्या धमनीचं भोक वर असतं. नवशिके दिसणाऱ्या भोकावरच जोर लावतात आणि आत रक्ताची गाठ धरते. न दिसणाऱ्या जागेचा अंदाज, एवढीच काय ती त्याची विद्या. मोठे डॉक्टर जांघेतून तार घालणार, बंद पडलेली रक्तवाहिनी इवल्याशा फुग्यानं उघडणार, हातमोजे काढून चहाला जाणार. मागे हा, ज्या नळीतून तार घातली ती काढून, रक्त थांबेपर्यंत दाबून उभा. खोलीतले सगळे त्याला दाबमास्तर म्हणत आणि तोही हसून ओ देई.

आज कुणी तशी हाक मारली असती तर त्याला रडू आलं असतं. आज बोटांखाली दादाची जांघ होती.

सख्खा थोरला भाऊ. आई गेली तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. सकाळी स्ट्रेचर आत आलं तेव्हा सवयीनं त्यानं आधी पाय पाहिला — डावा, अंगठा काळा पडलेला, घोट्यापर्यंत गारठलेला — आणि मग चेहरा. हा माझा भाऊ आहे असं त्यानं खोलीत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच्या जागी दुसरा कुणी उभा राहिला असता, इतकं साधं होतं ते. मग का नाही सांगितलं... रागापायी? की परक्याचा हात लागू नये म्हणून? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

तार बंद जागेपलीकडे गेली नव्हती. पडद्यावर मांडीतून झोकात उतरणारी रक्ताची काळी रेघ गुडघ्याखाली एकाएकी संपत होती, आणि तिथं डॉक्टर खटपट करून, तारा बदलून, घामाघूम होऊन शेवटी म्हणाले होते, "थांबू या." दादा जागाच होता, नुसती जांघ बधिर केलेली, त्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्याला वाटलं, झालं! मग डॉक्टर याच्या कानाशी येऊन पुटपुटले, "पाय वाचत नाही. गुडघ्याखाली काढावा लागणार. वॉर्डात गेल्यावर मीच सांगेन, तुम्ही काही बोलू नका." ज्या पायानं दादानं जन्मभर ट्रकचा क्लच दाबला, तोच पाय.

"हात अजून तसाच गार तुझा," दादा छताकडे बघत म्हणाला. "मोज्यातूनसुद्धा कळतो."

म्हणजे ओळखलं होतं तर. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, तरी ओळखलं होतं.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "बोललं की पोट ताणतं, रक्त सुटतं."

हे तो सगळ्यांनाच सांगे. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य हे असावं याचं त्याला वाईट वाटलं, आणि दादा लगेच ऐकून गप्प झाला याचं त्याहून वाईट वाटलं, कारण दादा कुणाचं ऐकणारा नव्हता. आईच्या आजारपणात फोनवर तर मुळीच नाही. आई कशी आहे रे? — ठीक आहे. मी येऊ का? — कशाला, तू नोकरी सांभाळ, ती ठीक आहे... दर रविवारी तेच, त्याच जाड आवाजात. आणि एका सकाळी तो पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि आईला आंघोळ घालून झाली होती. "माझी आई चोरलीस तू माझ्यापासून," तो चारचौघांत ओरडला होता. दादानं खाली मान घातली होती. मला तेव्हा वाटलं, थोरलेपण मिरवलं यानं, दुसरं काय.

"पाय गरम लागतोय का रे?" दादानं विचारलं. "मला कळत नाही काही. तुझा हात आहे ना पावलावर?"

हात होता. एका हातानं जांघ दाबायची, दुसऱ्यानं पावलाची नाडी चाचपायची, हा शिरस्ता. जास्त जोर लागला तर खालचं रक्तच अडतं. पण तार घातली होती उजव्या, धडधाकट पायातून आणि वरून वळवून डाव्यात नेली होती. त्याचा हात उजव्या पावलावर होता. तिथं नाडी टणाटण उडत होती.

"गरम आहे," तो म्हणाला.

शब्द किती सहज निघाले. पुरते खोटेही नव्हते... आणि एकदम त्याला दिसलं की फोन धरून उभा असताना दादाच्याही हाती असंच काहीतरी लागलं असेल, आईनं खाल्लेले दोन घास, एखादं हसू, आणि त्यावर हात ठेवून तो म्हणाला असेल, ठीक आहे. धाकट्याला काय सांगायचं या विचारानं रविवार उजाडला की तो फोनपाशी घुटमळत असेल. हे मी एकदाही विचारलं नाही.

"मग पुढच्या महिन्यात गाडीवर जातो," दादा म्हणाला. त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं, आणि ते पुसायला याचा एकही हात मोकळा नव्हता.

थोड्या वेळानं वॉर्डात दादाला कळेल. तो विचारेल, तुला माहीत होतं ना? आणि माझ्यापाशी तेवढंच उत्तर असेल जेवढं आई गेली तेव्हा त्याच्यापाशी होतं, आणि मी ते ऐकून घेतलं नव्हतं.

रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी त्यानं बोटं उचलली नव्हती.

"दादा," त्यानं हाक मारली.

दादानं मान वळवली आणि वाट बघत राहिला.

"दादा..." तो पुन्हा म्हणाला, आणि उजव्या पावलावरचा हात उचलून त्यानं डाव्या, गार पावलावर ठेवला.